दस्तक दाखवा, नाहीतर शीड उतरवा : सरखेल कान्होजी आंग्रे यांची कहाणी

वसई : तीनशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरचा सगळा माल शिडावर चालायचा. मीठ, भात, नारळ, सागाचं लाकूड शिबाडात नाहीतर मचव्यात भरायचं, नारळी पौर्णिमेनंतर निघायचं आणि पाऊस लागायच्या आत परत येऊन होडी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची. हा माल कुणाच्या परवान्याने जायचा, यावरून कान्होजी आंग्रे यांनी अर्धं आयुष्य भांडण केलं.

कान्होजींचा जन्म 1669 चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजी सुवर्णदुर्गावर तयार झाले आणि 1698 मध्ये मराठी आरमाराचे सरखेल झाले. पुढे कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग असा सगळा किनारा त्यांच्या हाती आला.

वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, 1534 पासून. त्यांचा नियम असा, की व्यापारी जहाजाने त्यांचा परवाना घ्यायचा, त्याला कार्ताझ म्हणत. तो नसला की जहाज आणि माल जप्त. त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. कान्होजींनी तेच केलं, स्वतःचं दस्तक सुरू केलं, तर इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं! समुद्र आमचा, मग परवानाही आमचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची गलबतं हलकी, उथळ खाडीतही शिरणारी. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी अडकायचं, आणि गलबत मात्र चाळीस-पन्नास वल्ह्यांवर येऊन भिडायचं. मालाने भरलेलं शिबाड तर पळूच शकत नसे. तांडेलाने दस्तक दाखवायचं, नाहीतर शीड उतरवायचं. यात छोट्या व्यापाऱ्याचे हाल झाले हेही खरं. इकडे पोर्तुगीज, तिकडे इंग्रज, मध्ये सिद्दी आणि आंग्रे, परवाना घ्यायचा तरी कुणाकुणाचा?

1712 मध्ये कान्होजींनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौका पकडली. तिच्यावरच्या इंग्रज बाईंना सोडवायला तीस हजार रुपये मोजावे लागले. पुढच्या वर्षी तह झाला, पण टिकला नाही. इंग्रजी निशाण लावून देशी व्यापाऱ्यांचा माल नेला तर तो इंग्रजांचा धरायचा का, हाच वाद. कान्होजींना ते मान्य नव्हतं. 1718 ला इंग्रज खांदेरीवर आले, हरले. 1721 ला इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर गेले. वसईचा पोर्तुगीज सेनापती स्वतः त्या लढाईत होता. तीही फसली, आणि लगेच पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह केला.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. मागे मुलांत भांडणं लागली, आरमार वाटलं गेलं. दहा वर्षांनी, मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या किनाऱ्यावरचं कार्ताझ संपलं.