भगव्या कपड्यातल्या हेडमास्तरांनी अंबाजोगाईची शाळा घडवली आणि ऐन भरात सोडूनही दिली

जून जवळ आला की बीड जिल्ह्यात शाळांचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. सोलापूर-धुळे हायवेवर चौसाळ्यात गाडी थांबवली तरी दोन-चार दिसतील. स्मार्ट बोर्ड, कोडिंग, सेमी इंग्लिश, फ्युचर रेडी पिढी. आईबाप फ्लेक्स बघतात, फी विचारतात आणि चांगली शाळा नेमकी कशी ओळखायची या विचारात पडतात.

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर चौसाळ्याच्या दोन्ही अंगाला सापडतं. दक्षिणेला येरमाळा, धाराशिव करत पुढे गेलं की लोहारा तालुक्यातलं हिप्परगा लागतं. उलट मांजरसुंब्याला येऊन केजच्या रस्त्याला वळलं की अंबाजोगाई. या दोन्ही गावांतल्या शाळांना एकच हेडमास्तर लाभला होता. शाळेत तो भगव्या कपड्यात यायचा.

नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. म्हणजे कानडी मुलखातला माणूस. सोलापुरात शाळा शिकत असताना 1920 साली लोकमान्य टिळक गेले आणि या पोरानं आयुष्यभर लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं. अशा शपथा त्या काळात बऱ्याच जणांनी घेतल्या होत्या, यानं ती पाळली. पुढे अमळनेर झालं, मग पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. तिथं एम.ए.ला प्रबंध लिहिला तो लोकशाहीच्या विकासावर. नंतर कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. इतकं शिकलेल्या माणसाला मुंबई-पुण्यात कुठंही चांगली नोकरी लागली असती.

तो 1929 साली आला हिप्परग्याला. निजामाच्या राज्यातलं आडवळणाचं खेडं.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच का? त्यासाठी तेव्हाचा मराठवाडा बघायला लागतो. राज्यकारभार उर्दूत. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं शिक्षणही उर्दूत. एका भारतीय भाषेत अख्खं विद्यापीठ चालवायचं ही कल्पना खरं तर काळाच्या पुढची होती, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. फक्त ती भाषा प्रजेतल्या बहुतेकांच्या घरात बोलली जात नव्हती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या पोरांना शाळेत पाऊल ठेवलं की आधी भाषेशी झुंजायला लागायचं, विषय नंतर. त्यात खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी पाहिजे.

अशा वातावरणात 1921 साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. पगाराच्या आशेनं तिथं कुणी येत नव्हतं. शिक्षक आणि मुलं एकत्र राहायची. अभ्यासाबरोबर अंगमेहनत, सूतकताई, स्वावलंबन हे सगळं रोजचं. शिक्षकाला तास संपल्यावर घरी जायची सोय नाही, त्यामुळं मुलं त्याला चोवीस तास बघायची. सांगतो तसा वागतो का, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं. आमच्या मते हिप्परग्याच्या शाळेचा खरा अभ्यासक्रम हाच होता.

इथंच खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतल्यावर माणूस हिमालयाकडे जातो, हे मात्र वर्गात परत गेले.

1935 साली स्वामीजी अंबाजोगाईला आले. सरकारी कागदावर गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद. हिप्परग्याचे सहकारी बाबासाहेब परांजपेही या कामात उतरले. हेच परांजपे पुढे 1952 साली बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. स्वामीजी योगेश्वरीच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि मराठवाड्यात या शाळेचा दबदबा तयार झाला. इमारत किंवा सोयी हे काही त्यामागचं कारण नव्हतं. लोकशाहीवर प्रबंध लिहिलेला माणूस ज्या राज्यात मतदान नावाची गोष्ट प्रजेला ठाऊक नव्हती तिथल्या पोरांना शिकवत होता. ज्या नागरिकत्वाची तयारी तो करून घेत होता ते नागरिकत्व अजून अस्तित्वातच नव्हतं. फ्युचर रेडी म्हणायचंच असेल तर यापेक्षा वेगळं काय म्हणणार?

पण अडचणही इथंच होती. शाळा कितीही चांगली चालली तरी बाहेरचं जग तेच. सभा घ्यायची तर परवानगी, संघटना काढायची तर परवानगी. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. पोरांना ताठ मानेनं जगायला शिकवायचं आणि स्वतः परवानगीच्या रांगेत उभं राहायचं, हे स्वामीजींना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी शाळा सोडली, ऑक्टोबर 1938 मध्ये सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले.

शाळेच्या बाजूनं बघितलं तर हे मोठं नुकसान होतं. असा हेडमास्तर पुन्हा मिळत नाही. तरी योगेश्वरीची शाळा बंद पडली नाही, सहकाऱ्यांनी ती पुढे नेली. एका माणसावर उभी असलेली शाळा तो माणूस गेला की बसते. ही बसली नाही, आणि हेडमास्तर म्हणून स्वामीजींचं काम मोजायचं तर आम्ही तरी इथूनच मोजू.

त्याच 1938 च्या शेवटी हैदराबाद राज्यातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यावरून आंदोलन केलं. शेकडो मुलांना काढून टाकलं गेलं. नागपूर विद्यापीठानं त्यांच्यासाठी दार उघडलं. नागपूरला गेलेल्या या पोरांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू विद्यार्थी होता. पुढे तो स्वामीजींचा शिष्य म्हणून ओळखला गेला आणि 1991 साली देशाचा पंतप्रधान झाला. औरंगाबादेत गणित शिकवणारे गोविंदभाई श्रॉफही नोकरी सोडून याच चळवळीत आले. मास्तर लोकांचा हा लढा होता, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला त्या दिवशी स्वामीजी निजामाच्या अटकेत गेले. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं. लढ्याचे सर्वोच्च नेते असूनही त्यांनी मंत्रिपद घेतलं नाही. पुन्हा शिक्षणाकडे वळले आणि 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्याआधी आपल्या भागात कॉलेज नावाला होतं. मॅट्रिकनंतर शिकायचं तर हैदराबाद नाहीतर पुणं गाठायला लागायचं, आणि खेड्यातल्या किती पोरांना ते परवडणार?

ते 1952 ला गुलबर्ग्यातून आणि 1957 ला औरंगाबादमधून खासदार झाले. पहिला मतदारसंघ कानडी, दुसरा मराठी. हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे प्रांत व्हावेत हा आग्रहही त्यांनी धरला. 1956 साली तसं झालं. म्हणजे ज्या राज्याच्या काँग्रेसचं त्यांनी नेतृत्व केलं ते राज्यच नकाशावरून जावं यासाठी ते झटले, कारण पोरांची शाळा आणि लोकांचं सरकार एकाच भाषेत बोलायला हवं होतं.

22 जानेवारी 1972 ला हैदराबादेत स्वामीजी गेले. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे, 1994 साली नांदेडला झालेल्या विद्यापीठालाही आहे. बीड जिल्ह्यातल्या कुणाच्या घरी कधी आजारपण निघालं की स्वारातीला न्या म्हणतात. त्यातला रामानंद तीर्थ हा या जिल्ह्यातल्या एका शाळेचा हेडमास्तर होता, हे म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.