साराबाई हेल व उपकारस्तुतीची पंक्ति

अमेरिकेंत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं घरोघरीं उपकारस्तुतीचा सण पाळितात. दूरच्या शहरीं नोकरीस गेलेले मुलगे, सासरीं गेलेल्या मुली आणि नातवंडें त्या दिवशीं वडिलांच्या घरीं जमतात. दिवाळीस जशी करंजी, तसा त्या दिवशीं भाजलेला टर्की पक्षी व तांबड्या भोपळ्याची पाई हीं असावयाचींच. हा सण साऱ्या राष्ट्राचा व्हावा म्हणून जिनें सतरा वर्षें लेखणी झिजविली, ती कोणी राणी नव्हती, कोणी अधिकारीही नव्हती. ती पांच मुलांची विधवा आई होती. तिचें नांव सारा जोसेफा हेल. तिचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

साराबाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ रोजीं न्यू हॅम्पशायर प्रांतांतील न्यूपोर्ट ह्या गांवीं झाला. वडील गॉर्डन ब्यूएल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत लढलेले कप्तान असून पुढें शेती करीत. त्या काळीं मुलींस कॉलेजाचें दार बंद होतें. आईनें मुलांस घरींच शिकविलें. भाऊ होरेशियो हा डार्टमथ कॉलेजांत शिकत असे; तो सुटींत घरीं आला म्हणजे आपला धडा बहिणीस समजावून देई. अशा उसन्या विद्येवर सारा शहाणी झाली, आणि अठराव्या वर्षीं तिनें मुलांची शाळा चालविण्यास घेतली.

१८१३ सालीं डेव्हिड हेल नांवाच्या वकिलाशीं तिचें लग्न झालें. ह्याच वर्षीं त्याच न्यू इंग्लंड मुलुखांतून निघालेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. हेल दांपत्याचा संसार सुखाचा होता. रोज रात्रीं आठ ते दहा असे दोन तास उभयतां मिळून वाचन व लेखन करीत. परंतु १८२२ सालीं डेव्हिड फुफ्फुसाच्या दाहानें अकस्मात् वारले. चार मुलें पदराशीं होतीं, आणि पांचवें थोड्याच दिवसांनीं जन्मास आलें. त्या दिवसापासून साराबाईंनीं काळा पोषाख धारण केला, तो मरेपर्यंत सोडिला नाहीं.

पोटासाठीं त्यांनीं प्रथम नणंदेबरोबर बायकांच्या टोप्या करून विकण्याचें दुकान घातलें. तें काम मनास रुचेना. मुलें निजल्यावर त्या लिहीत बसत. १८२७ सालीं त्यांची ‘नॉर्थवुड’ नांवाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यांतील एक संबंध प्रकरण उपकारस्तुतीच्या जेवणाचें आहे. त्या काळीं हा सण मुख्यत्वें न्यू इंग्लंडांत होई, तोही ज्या त्या प्रांताचा गव्हर्नर नेमून देईल त्या दिवशीं. दक्षिणेकडील पुष्कळांस तो ठाऊकही नव्हता.

त्या प्रकरणांत दिवाणखान्यांत दोन मेजें जोडून एक लांब मेज मांडिलें आहे व त्यावर पांढरें वस्त्र घातलें आहे. घरांतील प्रत्येक मुलास त्या दिवशीं मोठ्यांबरोबर बसावयास जागा आहे. कारण जितकीं मुलें अधिक, तितका घरधन्याचा मान अधिक. मेजाच्या अग्रभागीं मसाला भरून भाजलेला टर्की पक्षी, दुसऱ्या टोंकास गाईचें, डुकराचें व मेंढराचें मांस, आणि बाजूंस हंस व बदकांची जोडी. कोंबडीची पाई तर हवीच. पाई म्हणजे लोणी घालून मळलेल्या मैद्याच्या पारींत सारण घालून भट्टींत भाजलेला पदार्थ. लोणचीं, मुरंबे, लोणी, पुडिंग, केक व फळें ह्यांनीं बाकीची जागा भरलेली आहे. गोड पदार्थांत मानाचें स्थान मात्र तांबड्या भोपळ्याच्या पाईचें. भोपळा उकडून, घोटून, त्यांत दूध, अंडीं, साखर अथवा काकवी, आलें व जायफळ घालावें, आणि तें सारण पारींत ओतून भाजावें, ही तिची रीति. भोपळा गरिबाच्या शेतांतही पिके. म्हणून ही पाई लहानमोठ्या सर्व घरीं होई.

असें जेवण एका दिवसांत सिद्ध होत नसे. न्यू इंग्लंडांत नोव्हेंबरांत थंडी कडक पडते, म्हणून पाया कित्येक दिवस आधींच विटांच्या भट्टींत भाजून थंड खोलींत ठेवीत. मुलांनीं मनुकांच्या बिया काढाव्या, मसाला कुटावा. मोठ्यांनीं पक्षी सोलून साफ करावा. मग तो विस्तवापुढें कित्येक तास फिरवीत भाजावा. घरांतील प्रत्येकाचा हात लागे, म्हणून जेवण प्रत्येकाचें होई. कथेंत तर अनेक वर्षें दूर राहिलेला मुलगा घरीं परत आलेला आहे, आणि त्याच्यामुळें त्या पंक्तीस खरी गोडी आली आहे.

हें वर्णन लिहितांना साराबाईंच्या स्वतःच्या पंक्तींत एक जागा रिकामी होती, हें आम्ही विसरूं नये. पुढच्याच वर्षीं, १८२८ सालीं, स्त्रियांच्या एका मासिकाच्या संपादक होण्यासाठीं त्यांस बोस्टनास जावें लागलें. धाकट्यास बरोबर घेऊन बाकीचीं मुलें नातलगांकडे ठेवावीं लागलीं. १८३९ सालीं थोरला मुलगा, जो सैन्यांत अधिकारी होता, तोही वारला. कुटुंब एकत्र बसणें म्हणजे काय, हें ज्याचें कुटुंब पांगलें आहे त्यासच अधिक कळतें.

१८३७ सालीं तें मासिक फिलाडेल्फियाच्या लुई गोडी ह्यांनीं विकत घेतलें व साराबाईंस आपल्या मोठ्या मासिकाच्या संपादक केलें. तें काम त्यांनीं चाळीस वर्षें केलें. १८६० च्या सुमारास त्याच्या सुमारें दीड लाख प्रती खपत; तितका खप त्या काळीं त्या देशांत क्वचितच कोणाचा असे. स्वयंपाकाचीं पुस्तकें त्यांनीं लिहिलीं. मेरीच्या कोंकराची कविता, जी शाळेंतील मुलें आजही म्हणतात, तीही १८३० सालीं त्यांनींच प्रसिद्ध केली. स्त्रियांस उच्च शिक्षण मिळावें, त्यांनीं वैद्यकी शिकावी, ह्यासाठीं त्या सतत लिहीत. १८६१ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या एका मिशनरी संस्थेच्या फिलाडेल्फिया शाखेच्या त्या अध्यक्ष होत्या. ह्या संस्थेनें पुढें कलकत्त्यासही पडद्यांतील स्त्रियांस शिकविण्यास बाया पाठविल्या.

परंतु ज्या कामास त्यांनीं सर्वांत अधिक चिकाटी लाविली तें उपकारस्तुतीच्या दिवसाचें. अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांनीं १७८९ सालीं एकदां असा दिवस साऱ्या राष्ट्रास नेमून दिला होता. १८१५ नंतर ती रीति बंद पडली. साराबाईंनीं १८४६ पासून मासिकांत दरवर्षीं लिहावयास आरंभ केला कीं, नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारीं सर्व प्रांतांनीं एकदमच हा सण पाळावा. सणास लागणाऱ्या पदार्थांच्या कृति त्या छापीत, सणाच्या गोष्टी छापीत, आणि ज्या प्रांतांस ही चाल ठाऊक नव्हती तेथील बायकांच्या चुलीपर्यंत तिला नेऊन पोंचवीत. प्रत्येक गव्हर्नरास त्या स्वहस्तें पत्र लिहीत. एकामागून एक चार अध्यक्षांस त्यांनीं लिहिलें. कोणी कांहीं केलें नाहीं. १८५६ सालीं व्हर्जिनियाच्या गव्हर्नरानें तर कठोर शब्दांत नकार कळविला; कारण हा सण म्हणजे गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या उत्तरेकडील पाळकांचें खूळ, असें दक्षिणेंत पुष्कळांस वाटे. तरी १८५९ पर्यंत सुमारें तीस प्रांत एकाच दिवशीं सण करूं लागले होते.

साराबाईंस आशा होती कीं, जे एका दिवशीं एकाच देवाचे उपकार मानितील ते एकमेकांवर शस्त्र उचलणार नाहींत. ती आशा फोल ठरली. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. १८६३ च्या जुलैंत गेटिसबर्ग येथें तीन दिवसांच्या लढाईंत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारें पन्नास हजार लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. अशा वेळीं, २८ सप्टेंबर १८६३ रोजीं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या साराबाईंनीं अध्यक्ष लिंकन ह्यांस पत्र लिहिलें. ३ ऑक्टोबरास जाहीरनामा निघाला, आणि नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या राष्ट्राचा उपकारस्तुतीचा दिवस ठरला. त्या जाहीरनाम्यांत शेतें व खाणी ह्यांच्या उत्पन्नाबद्दल देवाचे उपकार मानिले असून, युद्धानें विधवा, पोरकीं व दुःखी झालेल्यांची काळजी देवाच्या हातीं सोंपविण्यास लोकांस सांगितलें आहे. एका विधवेच्या विनंतीवरून निघालेल्या पत्रांत विधवांची आठवण असावी, हें योग्यच झालें. साराबाई स्वतःही आपल्या वाचकांस सांगत कीं, त्या दिवशीं गरिबांच्या घरीं अन्न पाठविल्यावांचून सण पुरा होत नाहीं.

सत्य सांगावयाचें तर ह्या चांगल्या बाईंची दृष्टि सर्वत्र पोंचली नाहीं. गुलामांस शिकवून मुक्त करावें, पण मग आफ्रिकेंत पाठवून द्यावें, असें त्यांचें मत होतें. ज्यांच्या घामानें दक्षिणेचीं शेतें पिकत, ज्या काळ्या स्त्रिया त्याच मुलुखांत दुसऱ्यांच्या चुलीपुढें उभ्या राहून जेवण रांधीत, त्यांस त्याच पंक्तीस बसवावें, हें त्यांस सुचलें नाहीं. १६२१ सालीं प्लिमथ येथें कापणीचा आनंद झाला तेव्हां वाम्पानोआग लोकांच्या राजाबरोबर नव्वद पुरुष जेवावयास होते, आणि पांच हरिणें त्यांनींच आणिलीं होतीं. पुढें त्याच लोकांच्या जमिनी गेल्या. म्हणून १९७० पासून त्यांच्या वंशजांपैकीं कांहीं जण त्याच ठिकाणीं त्याच दिवशीं शोक करितात. आमचे पुष्कळ वाडवडील पंक्तीबाहेर बसविले जात. तेव्हां ही गोष्ट आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

साराबाईंनीं १८७७ सालीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, लेखणी खालीं ठेविली, आणि ३० एप्रिल १८७९ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्या देवाघरीं गेल्या. अध्यक्षांच्या मर्जीवर न राहतां हा दिवस कायद्यानें ठरावा, ही त्यांची इच्छा १९४१ सालीं पुरी झाली.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांतही हंगामाच्या वेळीं ज्वारीचीं कणसें, भोपळे व कोंबड्या देवाच्या घरीं येतात. टर्की पक्षी आपल्याकडे नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. सारफथच्या विधवेपाशीं मूठभर पीठ होतें, तरी तिनें पाहुण्यास आधीं वाढिलें. नहेम्याच्या काळीं लोकांस सांगण्यांत आलें कीं, ज्यांच्या घरीं कांहीं शिजलें नाहीं त्यांस वांटे पाठवा. यंदा भाकरी थापतांना गांवांतील एकट्या म्हातारीची, नुकत्याच विधवा झालेल्या बहिणीची आणि ज्यास अजून कोणी शेजारीं बसवीत नाहीं त्याची एक भाकरी आधीं मोजावी. साराबाईंनीं पंक्ति पुष्कळ लांब केली. ती जेथें थांबली, तेथून पुढें नेणें आपणांकडे आहे.