गंजीवरून उडणारा पोरगा

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात लहानपणी गंजीवरून उडी कोणी मारली नाही? इंग्लंडात १९१९ मध्ये जन्मलेला गॉडफ्रे हाउन्सफिल्डही शेतकऱ्याचाच पोरगा. घरी बनवलेलं ग्लायडर घेऊन तो गंजीवरून झेपावायचा. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. साध्या एक्स-रेत हाडं, मांस सगळं एकाच फोटोत एकावर एक येतं. कवटीआडचा मेंदू नीट दिसत नाही. हाउन्सफिल्डने १९६७ मध्ये वेगळा विचार केला. किरण चहूबाजूंनी सोडायचे आणि कॉम्प्युटरने हिशेब करून आतला एकेक काप दाखवायचा. हाच सीटी स्कॅन! १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाच्या मेंदूतली गाठ दिसली. १९७९ मध्ये कॉरमॅकसोबत नोबेल मिळालं. २००४ मध्ये तो गेला. पण सीटी रिपोर्टवर आजही ‘एचयू’ लिहितात, म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट.