गुणांचा धनी : पीट मॅराविच

खेळाडूची थोरवी त्याने मिळविलेल्या गुणांवरून ठरवावी की त्याच्या संघाच्या विजयावरून, हा वाद आमच्या शाळेच्या पटांगणावर दर वर्षी रंगतो. अशा वेळी आम्हांला बास्केटबॉलपटू पीट मॅराविच याच्या चरित्राची आठवण होते.

पीटचा जन्म २२ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अलिक्विपा या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी झाला. वडील प्रेस मॅराविच हे सर्बियन वंशाचे. स्वतः व्यावसायिक खेळाडू आणि पुढे नामांकित प्रशिक्षक. मुलाला असामान्य खेळाडू करावयाचे, हा त्यांचा ध्यास होता. वडील मोटार चालवीत आणि पीट खिडकीबाहेर हात काढून रस्त्यावर चेंडूचे टप्पे मारी. रात्री तो चेंडू जवळ घेऊनच निजे, असे सांगतात. बालवयात चेंडू जड वाटे, म्हणून तो कमरेपासून फेकीत असे, जणू पिस्तुलच झाडावे तसा. यावरून त्याला 'पिस्तूल पीट' हे टोपणनाव मिळाले.

१९६६ साली तो लुइझियाना राज्य विद्यापीठात दाखल झाला. संघाचे प्रशिक्षक वडीलच होते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात खेळण्याची तेव्हा मुभा नव्हती. म्हणून त्याला तीनच वर्षे लाभली. त्या अवधीत ८३ सामन्यांत त्याने ३,६६७ गुण मिळविले. सरासरी सामन्यागणिक ४४.२ ! लांबून केलेल्या फेकीला तीन गुण देण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. २०२३ साली अँटवान डेव्हिस हा खेळाडू १४४ सामने खेळून ३,६६४ गुणांवर थांबला, अवघे तीन गुण कमी पडले. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क या युवतीने तो आकडा ओलांडला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ७ फेब्रुवारी १९७० रोजी अलाबामाविरुद्ध पीटने एकट्याने ६९ गुण केले, आणि तरीही त्याचा संघ १०४ विरुद्ध १०६ असा हरला ! त्याच वर्षी अटलांटा हॉक्स या व्यावसायिक संघाने त्याला मोठ्या रकमेचा करार देऊन घेतले. त्या पैशामुळे काही सहकाऱ्यांच्या मनात अढी निर्माण झाली. १९७४ मध्ये तो न्यू ऑर्लिन्स जॅझ या नव्या संघात गेला. २५ फेब्रुवारी १९७७ रोजी त्याने न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध ६८ गुण केले आणि त्या हंगामात ३१.१ च्या सरासरीने तो सर्वांत अग्रेसर ठरला. संघ मात्र पराभवांच्या गर्तेतच राहिला.

१९७८ च्या आरंभी उडी मारून दोन पायांमधून चेंडू सहकाऱ्याकडे देताना त्याचा गुडघा दुखावला. तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही. १९८० मध्ये जॅझने त्याला मुक्त केले. बॉस्टन सेल्टिक्सने आश्रय दिला. त्याच वर्षी त्याने खेळातून निवृत्ती घेतली, आणि दैवाची थट्टा अशी की, १९८१ साली तोच बॉस्टन संघ अजिंक्य ठरला ! दहा हंगाम आणि १५,९४८ गुण. पण अजिंक्यपद एकही नाही.

एप्रिल १९८७ मध्ये वडील निवर्तले. पुढच्याच महिन्यात पीटला बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले; ज्याने हे स्वप्न पाहिले तो पाहावयास उरला नव्हता. ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे मित्रांसमवेत सहज खेळत असता पीट कोसळला आणि गतप्राण झाला. वय अवघे चाळीस. शवविच्छेदनात दिसून आले की, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या दोन प्रमुख धमन्यांपैकी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती. असे हृदय घेऊन तो एवढी वर्षे धावला !

विद्यार्थी मित्रांनो, वादाचा निकाल आम्ही देत नाही. एकट्याच्या गुणांनी सामना जिंकता येत नाही, हे पीटच्या आयुष्याने दाखविले. पण त्याच्या जवळ अजिंक्यपद नव्हते म्हणून त्याची साधना व्यर्थ गेली, असेही आम्हांला म्हणवत नाही. पुढच्या सामन्यात चेंडू हाती आला म्हणजे टोपलीकडे पाहाच. परंतु शेजारी मोकळा उभा असलेला सोबती नजरेआड होऊ देऊ नका.