दुर्गाबाईंची धाकटी बहीण

दुर्गाबाई भागवतांचं नाव ऐकलं नाही अशी वाचणारी बाई विरळाच. पण त्यांच्या धाकट्या बहिणीचं, कमलाबाई सोहोनींचं नाव काढलं की आमच्या गिरीजमधल्या मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागतात. म्हणून आज त्यांच्याविषयी.

कमलाबाईंचा जन्म 1911चा. वडील आणि काका दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 1933 साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आल्यावर आपणही तिथेच जायचं, हे कमलानं ठरवूनच टाकलं होतं. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, मुलगी! ही थेट बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हटेचना. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. म्हणजे लक्ष त्यांचं, जबाबदारी हिची. वर्षभरानं रामन यांची खात्री पटली आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. तो अपमान मात्र कमलाबाई उतारवयातही विसरल्या नाहीत. मला त्यांचं हे न विसरणं फार आवडतं.

दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर संशोधन करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. पेशी अन्नातून ऊर्जा काढतात, त्या कामातला हा एक महत्त्वाचा दुवा. तो वनस्पतींतही असतो, हे त्यांनी दाखवलं. 1939 साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? अवघ्या चाळीस!

या सायटोक्रोमच्या पोटात पॉर्फिरिन नावाचं एक कडं असतं. रक्ताच्या लाल रंगात तेच, पानांच्या हिरव्या रंगात त्याचंच भावंड. गंमत म्हणजे त्याच दशकात म्युनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांना चक्क खनिज तेलात पॉर्फिरिनं सापडली. तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सजीवांचं देणं आहे, याचा तो भक्कम पुरावा होता. त्यातूनच सेंद्रिय भूरसायनशास्त्र ही नवी शाखा उभी राहिली. आपल्या समुद्रात 1974 साली सापडलेलं बॉम्बे हायचं तेलही असंच, जुन्या जीवांचं.

परतल्यावर कमलाबाईंनी दिल्ली आणि कुन्नूरला काम केलं. 1947 साली लग्न करून त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तिथलं त्यांचं नीरेवरचं काम आम्हा वसईकरांना जवळचं. ताडामाडाचा हा रस पहाटे गोड, ऊन चढलं की आंबून त्याची ताडी होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. घरातली बाई रोज कशाशी झगडते, याची जाण असलेलं हे संशोधन!

संस्थेचं संचालकपद त्यांना मिळालं, पण उशिराच. पुढे ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नातल्या भेसळीविरुद्ध काम केलं, गृहिणींसाठी सोप्या भाषेत लेख लिहिले. दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, 1998 साली गेल्या.