नळ्या मोजणारा पाद्री : स्टीफन हेल्स

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये पिझोमीटर आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पाइपला एक उभी काचेची नळी जोडायची, पाणी किती चढलं ते पट्टीवर वाचायचं, की प्रेशर हेड मिळाला. रीडिंग घ्यायचं, जर्नल पूर्ण करायचं आणि सही घ्यायची. पण हीच साधी नळी एका माणसाने जिवंत घोडीच्या धमनीला जोडली होती, द्राक्षाच्या वेलीला जोडली होती आणि त्याच बुद्धीने पुढे तुरुंगांत आणि जहाजांत खेळती हवा आणली होती. गंमत म्हणजे हा माणूस ना डॉक्टर होता ना इंजिनिअर. तो एका खेड्यातल्या चर्चचा पाद्री होता. त्याचं नाव स्टीफन हेल्स.

हेल्सचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या बेक्सबोर्न गावचा. घराणं खानदानी, भावंडं भरपूर. १६९६ साली तो केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात दाखल झाला. शिकायचं होतं धर्मशास्त्र, पण त्या काळच्या केंब्रिजच्या हवेत न्यूटन होता. निसर्गात जे काही घडतं ते मोजता येतं, वजन करता येतं, या विचाराने हेल्स पुरता भारला गेला. विल्यम स्टक्ली नावाच्या धाकट्या मित्राबरोबर तो रानोमाळ वनस्पती गोळा करत हिंडायचा, प्राण्यांची विच्छेदनं करायचा. फुप्फुसातल्या नळ्यांची जाळी कशी दिसते हे पाहण्यासाठी या दोघांनी त्यात शिसं ओतून चक्क साचा काढला होता. नळ्यांचं वेड तेव्हापासूनचं!

१७०९ मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी त्याची पाद्री म्हणून नेमणूक झाली. मरेपर्यंत, म्हणजे ५० वर्षांहून जास्त काळ, तो तिथेच राहिला. १७२० च्या सुमारास लग्न झालं, पण पत्नी मेरी वर्षभरातच वारली. मूलबाळ नव्हतं. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस गावकऱ्यांची कामं आणि प्रयोग, असं त्याचं आयुष्य चालू राहिलं.

आता त्या प्रसिद्ध प्रयोगाबद्दल. रक्त शरीरात फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ मध्येच सांगितलं होतं. पण ते किती जोराने फिरतं? हा प्रश्न आकड्यात कुणी सोडवला नव्हता. हेल्सने १४ वर्षांची, मानेपाशी पाठीवर नासूर झालेली एक घोडी घेतली. तिला उताणी बांधली. मागच्या पायाच्या मोठ्या धमनीत इंचाच्या सहाव्या भागाएवढ्या भोकाची पितळी नळी बसवली आणि तिला ९ फूट लांब काचेची नळी जोडली. घोडी हलली तर काच फुटणार, म्हणजे मध्ये लवचीक जोड हवा. रबरी होज तेव्हा कुठला? पुढच्या एका प्रयोगात हेल्सने तिथे मोठ्या बदकासारख्या गूस पक्ष्याची श्वासनलिका वापरली! या घोडीचं रक्त नळीत चढत चढत हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर पोचलं आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला काही इंच खालीवर होऊ लागलं. आजच्या एककात हे सुमारे १९० मिलिमीटर पारा होतं. रक्तदाबाचं हे पहिलं थेट मापन.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. थोडं थोडं रक्त काढून टाकत प्रत्येक वेळी उंची किती उतरते ते त्याने नोंदवलं. घोडी मरेपर्यंत.

इथे वाचताना थांबायला होतं. भूल देण्याची पद्धत १८४६ नंतर रूढ झाली. हेल्सच्या काळी जनावर पूर्ण शुद्धीवर असे. केंब्रिजला असताना कुत्र्यांवरचे असेच प्रयोग नकोसे वाटून त्याने सोडून दिले होते, आणि तरीही काही वर्षांनी तो त्यांच्याकडे परतला. शेजारच्या ट्विकनहॅमला राहणारा कवी अलेक्झांडर पोप हा त्याचा स्नेही. पोपच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्सची सही आहे. पण या भल्या माणसाचे हात रक्ताने माखतात, ही गोष्ट पोपला शेवटपर्यंत खटकत राहिली. ज्या प्राण्यांना आपण आपल्यासारखंच दुःख होतं असं मानतो, त्यांना ज्ञानासाठी मारण्याचा हक्क आपल्याला आहे का? हा प्रश्न आजही सुटलेला नाही आणि हेल्सची थोरवी सांगताना तो गाळणंही बरोबर नाही.

त्या प्रयोगांतून मिळालं ते मात्र मोलाचं होतं. मेलेल्या जनावराच्या हृदयाच्या कप्प्यात वितळलेलं मेण ओतून त्याने कप्प्याचं आकारमान काढलं आणि त्याला नाडीच्या ठोक्यांनी गुणलं. मेकॅनिकलवाल्यांनो, सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम गुणिले आरपीएम, दुसरं काय! मग कुत्र्याच्या आतड्याच्या धमन्यांत ठरावीक हेडखाली पाणी सोडून ते बारीक नळ्यांतून बाहेर पडायला किती वेळ लागतो तेही पाहिलं. गरम पाणी लवकर जातं, ब्रँडी घातली की नळ्या आकसतात आणि प्रवाह मंदावतो. धमनीतला बराचसा दाब या केसासारख्या नळ्यांतच खर्ची पडतो हे त्याने ओळखलं. पुढे त्याने दारूच्या व्यसनाविरुद्ध पुस्तिकाही लिहिली.

झाडांकडे तो वळला तो जवळपास अपघातानेच. द्राक्षाची एक जुनी वेल चुकीच्या वेळी छाटली गेली आणि कापलेल्या जागेतून रस वाहायचा थांबेना. वेल मरेल म्हणून हेल्सने त्या टोकावर जनावराच्या मूत्राशयाचं कातडं घट्ट बांधलं. पाहतो तर कातडं फुग्यासारखं फुगलेलं! लगेच काचेची नळी आली. पुढच्या एका प्रयोगात वेलीने पारा साडेबत्तीस इंच चढवला. पाण्याच्या भाषेत हे ३६ फुटांहून जास्त, म्हणजे घोडीच्या धमनीतल्या दाबाच्या चौपटीहून अधिक! तेही हृदय नावाचा पंप नसताना.

मग ३ जुलै १७२४ पासून त्याने साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने बंद करून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वजन केली. दिवसाच्या बारा तासांत झाड सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी पानांतून हवेत सोडत होतं. आकाराच्या हिशोबाने हे माणसाच्या घामाच्या १७ पट. रस रक्तासारखा गोल फिरत नाही, मुळांकडून वर चढतो आणि त्याला ओढण्यात पानांचा मोठा वाटा आहे, हे त्याने दाखवलं. हे सगळं १७२७ च्या ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ आणि १७३३ च्या ‘हीमास्टॅटिक्स’ या दोन पुस्तकांत आहे.

उतारवयात त्याने तिसऱ्या प्रकारच्या नळ्या हाती घेतल्या : इमारतींतल्या हवेच्या. तुरुंगांत आणि जहाजांच्या पोटात माणसं कोंबलेली असत आणि तुरुंगतापाने पटापट मरत. १७४१ मध्ये हेल्सने आपला व्हेंटिलेटर रॉयल सोसायटीपुढे मांडला. रचना लोहाराच्या भात्यासारखी. लाकडी पेटीत बिजागरीवर खालीवर होणारी फळी, हवा एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह आणि खोल्यांपर्यंत नेलेली लाकडी धुराडी. त्या फळीला त्याने नाव दिलं होतं छातीखालच्या पडद्याचं. म्हणजे इमारतीला त्याने फुप्फुसंच बसवली! लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर १७५२ मध्ये बसवलेलं यंत्र छपरावरच्या पवनचक्कीवर चालायचं. ते बसवताना काही कामगारांनाच तुरुंगतापाने गाठलं, इतकी तिथली अवस्था वाईट होती.

हेल्सला वाटायचं की हा ताप कुजक्या हवेने होतो. तो उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे कारण चुकलं होतं. तरीही कोंडवाड्यात ताजी हवा आल्याने माणसांचे हाल कमी झाले हे खरंच. आणि एक कडू गोष्टही खरी : हेच व्हेंटिलेटर गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरही बसले. तिथे ते जीव वाचवत होते आणि त्या धंद्याचा नफाही. यंत्र कुणासाठी चालतं हे यंत्र ठरवत नाही.

मानसन्मान भरपूर मिळाले. १७१८ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १७३९ मध्ये कोपली पदक, १७५३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचं विदेशी सदस्यत्व. पण मला सगळ्यात आवडते ती १७५४ सालची गोष्ट. पंचाहत्तरी उलटलेल्या हेल्सने टेडिंग्टनला पिण्याच्या पाण्याची सोय करून दिली. चर्चच्या नोंदवहीत त्याने काय लिहावं? देवाचे आभार वगैरे नाही. प्रवाह असा आहे की दोन क्वार्टचं, म्हणजे साधारण दोन लिटरचं भांडं सेकंदाच्या लंबकाच्या तीन झोक्यांत भरतं. आणि कुणाला शंका नको म्हणून लंबकाची लांबीही दिली : ३९.२ इंच!

कलेक्टिंग टँक आणि स्टॉपवॉच! आपण लॅबमध्ये डिस्चार्ज काढतो तो असाच. फरक इतकाच, की आपण सबमिशनसाठी काढतो आणि त्याने गावाच्या पाण्यासाठी काढला होता.

४ जानेवारी १७६१ रोजी, ८३ व्या वर्षी हेल्स गेला. टेडिंग्टनच्या चर्चच्या मनोऱ्याखाली त्याला पुरलं. त्याच गावात १९०० साली ब्रिटनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा स्थापन झाली, जिचं मुख्य काम आहे अचूक मोजमाप. हा योगायोगच, पण हेल्सच्या गावाला शोभेल असा. तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला शेजाऱ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवण्याआधी या म्हाताऱ्या पाद्र्याची एकदा आठवण काढा. आणि निदान एक रीडिंग तरी स्वतः घ्या!