बॉक्स प्लॉटमधल्या सुट्या ठिपक्याला नाव देणारे जॉन टकी

मराठवाड्याच्या पावसाचा बॉक्स प्लॉट संभाजीनगरातला विद्यार्थी आज 'आर'मध्ये क्षणात काढतो. 'कोल' बदललं की पेटीचा रंग बदलतो. 'पीसीएच'ला ८ दिलं की गोल ठिपक्याची चांदणी होते. जॉन टकी यांनी मात्र हे चित्र कागद-पेन्सिलीसाठी आखलं होतं.

टकींचा जन्म १९१५चा, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डचा. आईवडील शिक्षक, त्यामुळे बरंचसं शिक्षण घरीच. आधी रसायनशास्त्र, मग १९३९ साली प्रिन्स्टनमधून गणितात पीएचडी. महायुद्धातल्या कामाने ते संख्याशास्त्राकडे वळले. (संगणकातला 'बिट' हा शब्दही त्यांचाच!) पुढे प्रिन्स्टन आणि बेल लॅब्ज, दोन्हीकडे काम. 'आर'ची पूर्वज 'एस' ही भाषा बेल लॅब्जमध्येच जन्मली.

१९७७च्या पुस्तकाने बॉक्स प्लॉट सर्वदूर पोहोचवला. पेटीत मधली निम्मी निरीक्षणं. पेटीच्या कडेपासून तिच्या दीडपट लांबीपलीकडे जे जाईल, तो सुटा ठिपका. ज्वालामुखींच्या उंचीचा प्लॉट काढताना टकींनी अशा ठिपक्यांशेजारी त्यांची नावं लिहिली. पावसाच्या प्लॉटमध्ये नावाच्या जागी वर्ष येतं. सरासरीत बुडालेलं दुष्काळाचं वर्ष तिथे सापडू शकतं. तेव्हा पेटी रंगवण्याआधी 'आउटकोल'ने ठिपका लाल करा.

टकी २००० साली, वयाच्या ८५व्या वर्षी वारले.